मेली म्हणायचं नाही

आम्हा वायरमन मंडळींत त्याला सगळे मेलीका म्हणत. खरं नाव होतं, पण ते फक्त त्याची बायको वापरायची, आणि तेही भांडताना.

"मेली का?" हा त्याचा कामावरचा प्रश्न. मी खाली मेन स्विचपाशी, तो वर पॅनेलपाशी. मी दांडा ओढला की तो वरून विचारणार, "मेली का?" मी खालून ओरडणार, "मेली!" म्हणजे लाइन मेली, तारेत आता वीज नाही. हे उत्तर आल्याशिवाय तो तारेला बोट लावत नसे. एकवीस वर्षं आम्ही असं काम केलं.

पहिल्याच आठवड्यात मी त्याला विचारलं होतं, "सरळ 'बंद झाली का' असं विचार ना."

"बंद खटका होतो," तो म्हणाला. "मरते ती लाइन. खटका बंद आणि लाइन जिवंत, असं मी दोनदा पाहिलंय. एकदा फार जवळून."

एवढंच. पुढे विचारलं तर म्हणायचा, "काम कर."

माणूस उंच, काटकुळा, चेहरा सदा गंभीर. त्या चेहऱ्यामुळे त्याची थट्टा लोकांना उशिरा कळायची. काही जणांना घरी गेल्यावर कळायची. जिवंत लाइनवर काम करणं त्याला मुळीच आवडत नसे. मेन बंद करता येत असेल तर तो बंद करवून घ्यायचाच. एका घरी टीव्हीवर सामना चालू होता आणि तिथले काका मेन काढू देईनात. "तुम्ही तर मुरलेले कारागीर, चालू लाइनवरच उरका," म्हणाले. मेलीका म्हणाला, "उरकतो. फक्त तुम्ही इथे माझ्या बाजूला उभे राहा." आणि पिशवीतून मनगटाएवढं जाड लाकडी दांडकं काढून त्यांच्या हातात दिलं. "मी तारेला चिकटलो तर हे माझ्या मनगटावर हाणायचं. हळू नको. हाड मोडलं तरी चालेल, पण मला हाताने ओढायचं नाही, नाहीतर तुम्हीपण चिकटाल. मग आपण दोघं काकूंची वाट बघू." काकांनी दांडकं पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि स्वतः जाऊन मेन काढला.

पण कधी कधी इलाज नसतो. मेन स्विच काढला तरी त्याच्या वरच्या बाजूला, मीटरकडून येणाऱ्या तारा जिवंतच राहतात. लोकांना हे माहीत नसतं. त्यांना वाटतं, मेन पडला म्हणजे घर थंड. अशा जागी काम करायचं तर मेलीकाचा एक क्रम होता आणि तो कधी बदलला नाही. घड्याळ घरी, अंगठी घरी. ("माझं लग्न रोज सकाळी डबीत आणि रोज संध्याकाळी बोटात," असं वहिनी सांगायच्या.) पायाखाली कोरडी रबरी चटई. पेचकसला टोकापर्यंत चिकटपट्टी, फक्त करंगळीच्या नखाएवढं लोखंड उघडं. एका वेळी एकच तार. सोडलेल्या तारेचं तोंड झाकल्याशिवाय दुसरीकडे बघायचंसुद्धा नाही. आणि डावा हात मागच्या खिशात. दोन हात गुंतले की वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने निघते. एक हात खिशात असला तर तिचा तो रस्ता तरी बंद.

गिऱ्हाइकांना वाटायचं, काय हा तोरा. एका बाईंनी विचारलंच, "खिशात एवढं काय जपताय?"

"जीव," तो म्हणाला.

टेस्टरचाही क्रम होता. आधी टेस्टर जिवंत जागी लावायचा, दिवा लागतो का बघायचं. मग मेलेल्या लाइनला लावायचा. मग पुन्हा जिवंत जागी. कारण टेस्टरच बिघडलेला असेल तर तो सगळ्यांनाच मेलेलं म्हणेल. "साक्षीदाराला आधी विचारायचं, बाबा, शुद्धीवर आहेस का? आणि साक्ष झाल्यावर परत विचारायचं, अजून आहेस ना?"

आता त्याच्या त्या प्रश्नाने झालेला घोळ सांगतो, कारण पुढचं त्यावरच उभं आहे.

एका इमारतीत मी खाली होतो, तो तिसऱ्या मजल्यावर. वरून हाक आली, "मेली का?" मी दांडा ओढला होता, पण टेस्टरचा दिवा अंधुक मिणमिणत होता. शेजारून जिवंत तार गेलेली असली की होतं असं. मी ओरडलो, "अजून धुगधुगी आहे!"

"मग नीट मार तिला! अर्धवट सोडू नकोस!"

मधल्या मजल्यावर कुणाची तरी आत्या पंधरा दिवस अंथरुणाला खिळून होती. तिला बघायला आलेली माणसं धडाधड जिन्यात आली. एकाने माझी कॉलर धरली. एक बाई तिथेच पायरीवर बसून रडायला लागल्या. शेवटी आत्याच भिंत धरत धरत दारात आल्या, तेव्हा माझी कॉलर सुटली. डॉक्टरांना पंधरा दिवसांत जे जमलं नाही ते आम्ही दोन वाक्यांत केलं, असं मेलीका पुढे सगळ्यांना सांगत असे.

पुढे ज्या घरी आम्हाला बोलावणं आलं, तिथे हा किस्सा आमच्याआधी पोचला होता.

घर म्हणजे एका इमारतीचे वरचे दोन मजले. मीटर आणि मेन स्विच तळाशी, जिन्याखाली. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत आजी झोपून. कंबरेजवळचं हाड मोडलेलं, पाच आठवडे झालेले. पॅनेल दुसऱ्या मजल्यावर, बोळात. तळापासून पॅनेलपर्यंत अडतीस पायऱ्या. घरात आजी, त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे मालक, आणि आजींची धाकटी सून, म्हणजे मालकांची भावजय. मालक नोकरीतून मोकळे झालेले, हात स्वस्थ नाहीत. दिसेल त्याला रंग लावायचे. कठडा, नळ, पत्रपेटी, सगळं पिवळंधमक.

तक्रार वासाची होती. घरात मासे शिजत नव्हते तरी दोन दिवस माशाचा वास येत होता. पॅनेलमधलं प्लास्टिक तापून करपायला लागलं की तसाच वास येतो. झाकणावर हात ठेवला तर कोमट. म्हणजे आत जोड सैल झालाय आणि जळतोय. असा जोड उद्यावर टाकता येत नाही.

मालकांनी आम्हाला उंबऱ्यावरच थांबवलं. "एक सांगून ठेवतो. तो शब्द इथे काढायचा नाही."

"कोणता?" मेलीकाने साळसूदपणे विचारलं.

"तुम्हाला ठाऊक आहे."

"नाही हो. एकदा म्हणून दाखवा, म्हणजे टाळता येईल."

मालक म्हणाले नाहीत. नुसते खोलीच्या दाराकडे बघत राहिले.

"बरं," मेलीका म्हणाला, "'गेली का' असं विचारतो."

"छे, छे!"

"'संपली'?"

"अहो!"

"'आटोपली'? 'थंड पडली'?"

मागे सूनबाईंनी ओठ दाबून धरले.

"'शांत झाली'? 'सुटली एकदाची'?"

"तुम्ही मुद्दाम करताय!" मालकांचे कान लाल झाले.

"मी काय करू, मालक? आपल्या भाषेत काहीही थांबलं की माणूस गेल्यासारखंच वाटतं."

शेवटी सूनबाईंनी तोडगा काढला. "'झोपली' म्हणा ना, काका. त्यात काही वाईट नाही."

मेलीकाने मान हलवली. "वाईट एवढंच, ताई, की झोपलेली उठते."

पण वास वाढत होता. त्याने मान्य केलं. ही त्याची चूक, आणि मी गप्प बसलो ही माझी. त्यावर मालकांनी दुसरी अट घातली. जिन्यातून ओरडायचं नाही, आईची झोपमोड होते. सूनबाई पहिल्या मजल्यावर दारात उभ्या राहतील आणि खालचं वर, वरचं खाली सांगतील.

वर गेल्यावर मेलीकाने पहिलं काम शहाणपणाचं केलं. पॅनेलमधले सगळे छोटे खटके पाडले. वीज वाहायची थांबली की जळका जोड आणखी तापत नाही. घरातले दिवे, पंखे बंद झाले. पण त्यामुळे एक खूण गेली. आता मेन चालू आहे की बंद, हे घरात कुठेच दिसणार नव्हतं. घरात येणाऱ्या तीन तारा पॅनेलच्या माथ्यापर्यंत जिवंतच होत्या, आणि जळका जोड नेमका तिथेच होता.

मी तळाशी मेनपाशी गेलो. लोखंडी डबा, बाजूला दांडा. दांडा पिवळाधमक. मालकांनी दरसाल एक थर दिलेला, डबा आणि दांडा मिळून एकच वस्तू झालेली. असा दांडा हिसडायचा नसतो. तो मोडतो आणि आतली पाती अर्धवट अडकून राहतात. मी खिशातला चाकू काढून सांध्यातला रंग खरवडायला बसलो. "दांडा अडकलाय, थांबा," असा निरोप द्यायला हवा होता. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे.

वर काय झालं ते मला नंतर तिघांनी सांगितलं, आणि तिघांचं जुळलं.

मेलीकाने झाकण काढून ठेवलं, कठड्यावरून वाकून हलकेच विचारलं, "ताई, झोपली का?"

सूनबाई त्या वेळी आजींची गोळी आणि पाणी घेऊन दारात उभ्या. त्यांनी आत डोकावलं. आजी डोळे मिटून पडलेल्या. त्यांनी तितक्याच हलक्या आवाजात वर सांगितलं, "हो. झोपल्या."

सासूला कोणती सून 'झोपली' म्हणेल? 'झोपल्या'च म्हणणार. आणि वर मेलीकाच्या कानाला ते अगदी बरोबर वाटलं, कारण घरात येणाऱ्या तारा तीन होत्या. तीन तारा, झोपल्या. शिकलेली बाई, शुद्ध बोलते.

"चला, करा सुरू," मालक म्हणाले. ते शेजारीच उभे होते. "बघितलंत? आमच्या सूनबाईंचं काम चोख. ती झोपल्या म्हणाली म्हणजे झोपल्या. आता ते टेस्टर-बिस्टर लावत बसायची गरजच नाही."

मेलीकाने त्यांच्याकडे पाहिलं. मग सावकाश खिशातून टेस्टर काढला.

"विश्वास नाही वाटतं आमच्या सुनेवर?"

"सुनेवर आहे. तारेशी माझी ओळख नाही."

जिन्यातल्या दिव्याची लाइन वेगळ्या मीटरवर होती आणि तिचा सॉकेट पॅनेलपासून हातभरावर. तिथे त्याने टेस्टर लावला. लागला. मग पॅनेलच्या माथ्यावर, पहिल्या तारेला लावला.

लख्ख लागला.

दुसरीला. लख्ख. तिसरीला, जळक्या जोडाला. लख्ख.

मेलीकाने हात मागे घेतला. मोठ्याने म्हणाला, "मालक, या झोपलेल्या नाहीत. नुसत्या डोळे मिटून पडल्यात!"

तोच खालच्या खोलीतून खणखणीत आवाज आला. "कोणी चुगली केली रे?"

आजी जाग्या होत्या. कडू गोळी टाळायला झोपेचं सोंग घेऊन पडल्या होत्या.

सगळा उलगडा व्हायला अर्धं मिनिट लागलं. सूनबाई गोळी तशीच मुठीत धरून वर धावल्या. "काका, मी आईंचं सांगत होते! मला वाटलं तुम्ही आईंचं विचारताय!" मालक भिंतीला टेकले. त्यांना आता ते उघडं पॅनेल आणि मेलीकाच्या हातातला पेचकस एकत्र दिसत होता.

"तुमची चूक नाही, ताई," मेलीका म्हणाला. "तुम्ही खरं तेच सांगितलंत. म्हणजे, तुम्हाला दिसलं ते. प्रश्नच चुकीचा होता." मग मालकांकडे वळला. "माझा शब्द मला परत द्या. नाहीतर मी झाकण लावतो आणि जातो."

"अहो, पण आईच्या दाराशी..." मालक पुटपुटले. "जोड आता जळत तर नाही. खटके पाडलेत ना तुम्ही? उद्या बघू."

"पाडलेत. तुम्ही संध्याकाळपर्यंत अंधारात कंटाळाल आणि एक वर कराल. मग दुसरा. मग मासा पुन्हा शिजेल."

तेवढ्यात खालून पुन्हा आवाज. "कोणता शब्द रे? मला सांगा तरी."

कोणी सांगेना. शेवटी सूनबाई खाली गेल्या आणि कानात सांगितल्यासारखं सांगितलं. आजी एवढ्या हसल्या की हाड दुखलं आणि मग त्या हाडालाच दोन शिव्या घातल्या.

"अरे, माझी सासू मला मेली म्हणूनच हाक मारायची! 'मेली, पाणी आण. मेली, कुठे उलथलीस?' मला दुसरं नाव आहे हे तिच्या मुलाकडून कळलं मला. त्या शब्दाने मरायचं असतं तर लग्नाच्या पहिल्या आठवड्यात आटोपले असते. तुझ्या बापाला कधी शब्दांची भीती वाटली नाही, तुला रे कुठून आली?"

मालक कठड्यावरून म्हणाले, "आई, तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी त्या तारवाल्याला मारतोस? दार उघडं ठेव. निरोप मी देते. मोडलंय ते हाड, गळा नाही."

मग जे झालं ते साऱ्या इमारतीने ऐकलं.

"ए खालच्या! मेली का?"

"नाही, आजी! रंगात अडकलीय!"

"कोणाचा रंग?"

"तुमच्या चिरंजीवांचा!"

"मग खरवड चांगला! वरच्या, थांब रे! अजून जिवंत आहे! हात लावशील तर बघ!"

आणखी पाच मिनिटं लागली. सांध्यातून रंगाची साल निघाली तशी मी दांड्यावर भार दिला आणि तो खाडकन खाली आला. मेनच्या खालच्या बाजूला टेस्टर लावून बघितला. एकदाही दिवा लागला नाही. "मेली!" मी ओरडलो.

"मेली!" आजी ओरडल्या. "वरच्या, मेली रे! तिन्ही मेल्या! चौथी आहे अजून, काळजी करू नकोस!"

सूनबाई दारात बसून हसत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि दोन्ही एकदम चाललं होतं.

मेलीकाने तरीही टेस्टर सॉकेटला लावला, तिन्ही तारांना लावला, परतीच्या तारेला, न्यूट्रललाही लावला, पुन्हा सॉकेटला लावला. मग कामाला लागला. तार दोन बोटं करपलेली होती. तांबं चकचकीत दिसेपर्यंत कापली, जळका भाग बदलला, स्क्रू आवळला. थोडं थांबून पुन्हा आवळला. नवा जोड थोडा दबतो, दुसऱ्यांदा आवळल्याशिवाय काम पुरं होत नाही. बाकीचे जोडही तपासले. त्यांतले दोन सैल निघाले. पाऊण तास. घाई केली असती तर अर्ध्या तासात झालं असतं आणि सहा महिन्यांत पुन्हा जळलं असतं.

मग मालकांना खाली घेऊन गेला. दांडा त्यांच्या हातात दिला आणि दहा वेळा वर-खाली करायला लावला, अडखळत नाही ना बघायला. प्रत्येक वेळी वरून आजी विचारत होत्या आणि मालकांना स्वतःच्या तोंडाने तो शब्द उच्चारून उत्तर द्यावं लागत होतं. चौथ्यांदा त्यांचा आवाज मोकळा झाला. सातव्यांदा ते हसले.

"आता रंग भिंतीला लावा," मेलीका म्हणाला. "भिंत कुठे जात नाही."

बाहेर पडल्यावर तो नेहमी पुढे चालायचा. त्या दिवशी मागे राहिला. कोपऱ्यावर सार्वजनिक नळ होता. तिथे त्याने हात धुतले. फार वेळ धुतले. मळ कधीच गेला होता.

"तुला एक सांगतो," तो म्हणाला. "सूनबाई झोपल्या म्हणाल्या आणि मी पॅनेलकडे वळलो, तेव्हा माझ्या हातात टेस्टर नव्हता. पेचकस होता. टोक स्क्रूपासून एवढ्यावर." त्याने बोटांनी अंतर दाखवलं. तांदळाच्या दाण्याएवढं. "मालक म्हणाले ना, टेस्टरची गरज नाही. त्यांना चिडवायला म्हणून मी टेस्टर काढला. नुसतं चिडवायला."

"डावा हात?" मी विचारलं.

"पॅनेलचा पत्रा धरून होता."

आम्ही चालत राहिलो. कोपरा मागे पडल्यावर तो म्हणाला, "यापुढे खाली मी जाणार. दांडा मी ओढणार, त्याला कुलूप मी लावणार, किल्ली माझ्या खिशात. मग वर चढून काम. कुणाला विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही."

"प्रत्येक वेळी? अडतीस पायऱ्या खाली, अडतीस वर? या वयात? गुडघे जातील तुझे."

"गुडघेच जातील ना," तो म्हणाला.